दुकान बंद झाले, खाते बंद झाले का?



बँक बुडाली तर ती वर्तमानपत्रात येते. कारखाना बंद पडला तर कामगारांचा मोर्चा निघतो. गावातले जुने किराणा दुकान बंद होते तेव्हा एवढेच होते की, एके सकाळी शटर वर जात नाही. चार-दोन गिऱ्हाईके पिशवी घेऊन येतात आणि परत जातात. मग कोणीतरी सांगते, "शेठनी दुकान आवरले. मुलगा पुण्याला आहे, तिकडे गेले." थोड्याच दिवसांत त्या जागी मोबाइलचे दुकान लागते. त्या किराणा दुकानाच्या खुणेवरून पत्ता सांगायची सवय तेवढी आणखी काही वर्षे टिकते.

अशी दुकाने आता ठिकठिकाणी बंद होत आहेत. २०२४ साली वितरकांच्या एका अखिल भारतीय संघटनेने सांगितले की, वर्षभरात देशातील सुमारे २ लाख किराणा दुकाने बंद झाली. हा व्यापाऱ्यांच्या संघटनेचा अंदाज आहे, सरकारी मोजदाद नव्हे. आणि त्यात मोठा वाटा महानगरांचा आहे. पण वारे कोणीकडे वाहते आहे ते आपल्यालाही दिसते. २००२ साली मुंबईत पवईला डीमार्टचे पहिले दुकान उघडले. २०१२ साली केंद्र सरकारने किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत परदेशी गुंतवणुकीला वाट करून दिली, तेव्हा संसदेत मोठे वादंग झाले. आता मोठ्या शहरांत मोबाइलवर बोट ठेवले की काही मिनिटांत तेल-साखर दारात येते. आपल्याकडे अजून ती गत नाही. पण महिन्याचा बाजार सोलापूरहून भरून आणणारी घरे आपल्यातही आहेत.

याचे अर्थकारण सांगायला माझ्यापेक्षा जाणते लोक आहेत. मला आज एका नैतिक प्रश्नावर आपल्याशी बोलायचे आहे. ज्या दुकानातून आपण पंधरा-वीस वर्षे माल आणला, त्या दुकानदाराचे आपण काही देणे लागतो का? प्रत्येक वेळी मालाचे पैसे दिले, मग उरले काय?

आधी एका मोठ्या दुकानाचे उदाहरण घेऊ. बिग बझार २००१ साली सुरू झाले, देशभर त्याची शेकडो दुकाने झाली, आणि २०२२ साली कर्जाच्या ओझ्याखाली ती साखळी कोसळली. तिथे काम करणाऱ्या मुला-मुलींवर संकट आले, हे खरेच. पण गिऱ्हाइकाला काय वाटले? गिऱ्हाईक दुसऱ्या मॉलमध्ये गेले. आपण बिग बझारचे काही देणे लागतो असे कोणाच्या मनातही आले नाही आणि त्यात काही चुकले असेही नाही. तिथे प्रत्येक व्यवहार त्याच वेळी सुरू होत होता आणि बिलाच्या कागदाबरोबर संपत होता.

तुळजापूरच्या माणसाला हा फरक फारसा समजावून सांगायला नको. आपल्या गावात दोन तऱ्हेची दुकाने आहेत. मंदिराच्या वाटेवर हळद-कुंकू, परडी, कवड्यांच्या माळा, बांगड्या विकणारी दुकाने आहेत. त्यांचे गिऱ्हाईक नवरात्रात सोलापूरकडून, कर्नाटकातून, तेलंगणातून येते, एकदा घेते आणि जाते. पुन्हा आले तर वर्षाने. भाव ठरतो, पैसे मोजले जातात, व्यवहार संपतो. दुसरी दुकाने आहेत गल्लीतली. तिथे गिऱ्हाईक रोज येते, कधी दिवसातून दोनदा. तिथे लहान पोराला एकटे पाठवले तरी चालते, कारण पोर कोणाचे हे दुकानदाराला ठाऊक असते. आणि तिथे एक वही असते.

ही वही काय आहे ते नीट पाहू या. आपल्या भागात पैसा बारा महिने सारखा येत नाही. जूनमध्ये पेरणीला बी-खताचे पैसे जातात. सोयाबीन निघून हातात पैसा खुळखुळेपर्यंत दसरा-दिवाळी येते. मधले चार महिने कित्येक घरांची चूल वहीवर पेटते. ऊसतोडीला जाणारे कुटुंब मुकादमाकडून उचल घेते, तेव्हा आधी दुकानाची बाकी भागवते आणि मग कोयता घेऊन निघते. पाऊस गेला तर ती बाकी पुढच्या वर्षावर जाते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि रोजंदारी एका रात्रीत थांबली, तेव्हाही अनेक ठिकाणी पहिला आधार मिळाला तो याच वहीचा.

बँक कर्ज देते तेव्हा सातबारा मागते, पगाराचा दाखला मागते, जामीनदार मागते. वहीला यातले काही लागत नाही. "लिहून ठेवा" एवढे दोन शब्द पुरतात. दुकानदार तारण म्हणून काय ठेवून घेतो? तो आपल्याला ओळखतो, एवढेच. हा माणूस दारू पितो की नाही, याची बायको कष्टाळू आहे की नाही, याच्या बापाने बाकी बुडवली होती की फेडली होती, हे त्याला माहीत असते. त्या माहितीवर तो आपला माल आपल्या हवाली करतो. त्या मालाची किंमत आपण दिवाळीला देतो. पण त्या विश्वासाची किंमत वहीत कुठल्या रकान्यात लिहिलेली असते?

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत: उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचे नाते पहिल्या प्रकारातले. यात हिणवण्यासारखे काही नाही. त्याच्याही मते गाव अशा देवाणघेवाणीनेच एकत्र बांधले जाते. पण तो पुढे एक बारकावा सांगतो. उपयोगाच्या मैत्रीतही दोन जाती आहेत. एक ठरलेल्या अटींवर चालते: हा माल, हे पैसे. दुसरी अटी न घालता, माणसावर भरवसा ठेवून चालते. सर्वांत जास्त भांडणे आणि गाऱ्हाणी या दुसऱ्या जातीत होतात, असे त्याचे निरीक्षण आहे. कारण लोक नाते एका रीतीने जोडतात आणि दुसऱ्या रीतीने मोडतात.

हे निरीक्षण जवळजवळ चोवीसशे वर्षांपूर्वीचे आहे. पण गल्लीतल्या दुकानाला ते जसेच्या तसे लागू पडते. अडचणीच्या महिन्यात आपण दुकानदाराकडे जातो ते ओळखीचा माणूस म्हणून. तेव्हा आपण म्हणतो, "शेठ, आपले इतक्या वर्षांचे संबंध आहेत." मुलाला नोकरी लागते, हातात पगार येतो, आणि आपण हिशेबी गिऱ्हाईक होतो. तेव्हा आपण म्हणतो, "तिकडे किलोमागे चार रुपये स्वस्त आहे." दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण विश्वास घेताना नाते आणि पैसे देताना बाजार, अशी आपल्या सोयीची वाटणी न्याय्य आहे का? माझे उत्तर असे आहे की, ती न्याय्य नाही. ज्याने आपल्या वाईट दिवसांत आपल्यावर भरवसा ठेवला, त्याच्याशी आपल्या चांगल्या दिवसांत केवळ भावाच्या फरकावर नाते तोडणे हा अन्याय आहे, मग कायदा त्याला काहीही म्हणो.

संत थॉमस अक्वायनस यांनी कृतज्ञतेचा विचार करताना दोन ऋणांमध्ये फरक केला आहे. एक कायद्याचे ऋण, जे न्यायालय वसूल करून देऊ शकते. दुसरे नैतिक ऋण, जे कोणीही वसूल करू शकत नाही. ते फेडायचे की नाही हे आपल्या सचोटीवर सोडलेले असते. बिल हे पहिले ऋण. विश्वास हे दुसरे.

हा फरक आपल्या देशाच्या कायद्यालाही अनोळखी नाही. उधार दिलेल्या मालाच्या पैशांसाठी दुकानदाराला साधारणपणे तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो, असे १९६३ चा मुदतीचा कायदा सांगतो. तीन वर्षे उलटली की न्यायालयाचे दार बंद. पुष्कळांना वाटते की देणेच संपले. तसे नाही. कायदा वसुलीचा मार्ग बंद करतो, देणे पुसून टाकत नाही. म्हणूनच १८७२ च्या करार कायद्यात अशी तरतूद आहे की, मुदत टळलेले देणे फेडण्याचे वचन कोणी लेखी, सही करून दिले, तर ते वचन बंधनकारक होते. देणे मेलेच असते, तर त्यात पुन्हा जीव कसा आला असता? दुकानाला कुलूप लागले, शेठ गाव सोडून गेले, वही माळ्यावर पडली, तरी त्या पानावरचे आपले नाव आणि त्यापुढची रक्कम तशीच आहे.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे, कारण जुन्या दुकानाच्या आठवणीने गळा दाटून येणे सोपे असते.

पहिली गोष्ट, वही नेहमीच दयेची नव्हती. उधारीवर नेणाऱ्याला भाव चढा लागायचा, माल हलका मिळायचा, आणि त्याला बोलता येत नसे, कारण बाकी असायची. इंग्लंडमध्ये रॉचडेल येथे १८४४ साली २८ जणांनी, मुख्यतः विणकर आणि कारागिरांनी, मिळून एक छोटे दुकान काढले. लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्या असा थोडासा माल. त्यांचा नियम होता: भेसळ नाही, वजन पुरे, आणि उधार बंद. उधारी हीच गरिबाच्या पायातली बेडी आहे, असे त्यांना अनुभवाने कळले होते. जगभरच्या ग्राहक सहकारी चळवळीने पुढे याच दुकानाचा कित्ता गिरवला. मुंबईत नायगावला गिरणी कामगारांनी १९४८ साली सुरू केलेला अपना बाजार त्याच परंपरेतला. अनुवादाच्या पुस्तकात (२५:१३-१५) पिशवीत दोन तऱ्हेची वजने बाळगू नका असे जे बजावले आहे, ते तशी वजने बाळगली जात होती म्हणूनच.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. आपल्या मराठवाड्यात कित्येक घरांच्या आजोबा-पणजोबांना दुकानाची पायरी चढायची मुभा नव्हती. पैसे दुरून खाली ठेवायचे, त्यावर पाणी शिंपडून मग ते उचलले जायचे. माल वरून पदरात टाकला जायचा. तिथेही दुकानदार गिऱ्हाइकाला चांगलाच ओळखत होता. ती ओळखच अपमानाचे कारण होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले, ते याच अनुभवातून. ज्याच्या आजीला पायरीखाली उभे राहावे लागले, त्याला मॉलमधली ढकलगाडी हातात धरून, कोणी नाव-गाव न विचारता, हव्या त्या फळीवरून हवी ती वस्तू उचलताना जो मोकळेपणा वाटतो, तो खोटा नाही. कोणी ओळखत नाही यातही एक स्वातंत्र्य आहे. अशा माणसाला 'जुन्या दुकानाशी एकनिष्ठ राहा' असे सांगण्याचा अधिकार मला नाही आणि कोणालाही नाही.

म्हणून मी असे म्हणत नाही की प्रत्येक जुने दुकान वाचवलेच पाहिजे, किंवा मॉलमध्ये जाणे हे पाप आहे. एखादी आई महिन्याला दोनशे-तीनशे रुपये वाचवून मुलीच्या क्लासची फी भरत असेल, तर तेही सत्कर्मच आहे. शिवाय दुकान बंद होण्यात नेहमीच दुःख असते असेही नाही. सकाळी सहा ते रात्री दहा गल्ल्यावर बसून ज्याने मुलांना शिकवले, त्याच्या मुलांना त्या गल्ल्यावर बसावे लागू नये, हेच तर त्याचे स्वप्न होते. आपल्या सोयीसाठी त्याने जन्मभर बसून राहावे अशी अपेक्षा करणे हाही स्वार्थच.

माझे म्हणणे नेमके आणि मर्यादित आहे. ऋण दुकानाचे नसते, विश्वासाचे असते. जिथे विश्वास दिला गेला नाही, तिथे ऋण नाही. जिथे तो दिला गेला आणि आपण घेतला, तिथे बिल फेडल्याने तो फिटत नाही.

आणि या हिशेबात एक तिसरा माणूस आहे, ज्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. दुकानदार उधार देतो ते कोणाच्या जोरावर? त्यालाही घाऊक व्यापाऱ्याचे पैसे ठरल्या दिवसांत द्यावे लागतात. ते तो रोखीच्या गिऱ्हाइकाकडून आलेल्या पैशांतून देतो. शिक्षक, कारकून, नर्स, पेन्शनर असे रोखीने नेणारे गिऱ्हाईक दुकानात येत राहते, म्हणून मजुराच्या घरचे खाते दोन महिने थांबू शकते. पगारदार गिऱ्हाईक मॉलकडे वळले की दुकानात उरतात फक्त उधारीवाले. मग दुकानदार आधी वही बंद करतो, त्यानंतर दुकान. म्हणजे आपली चार रुपयांची बचत कुठून तरी येते. त्यातली काही मोठ्या व्यापाराच्या कार्यक्षमतेतून येते हे मान्य. पण तिचा एक भाग अशा बाईच्या चुलीतून येतो, जिला रात्री आठ वाजता दहा रुपयांचे तेल आणि पावशेर डाळ उधार हवी असते. तिला पाच किलोची पिशवी एकदम परवडत नाही, आणि मोबाइलवरचे दुकान "लिहून ठेवा" हे शब्द ऐकत नाही.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ सालच्या आपल्या विश्वपत्रात लिहिले आहे की, खरेदी ही केवळ आर्थिक कृती नसून नेहमीच नैतिक कृतीही असते. त्याचा अर्थ मला या दहा रुपयांच्या तेलाजवळ सर्वांत स्पष्ट दिसतो. आपण कुठे खर्च करतो यावर आपल्याला न दिसणाऱ्या कोणाची तरी पत अवलंबून असते.

मग करायचे काय? पहिले आणि सर्वांत साधे: बाकी असेल तर द्या. दुकान बंद झाले असेल, मुदत टळली असेल, दुकानदाराने सोडून दिले असेल, तरी द्या. फोन करा, पत्ता काढा, जाऊन द्या. सगळी जमत नसेल तर हप्त्याने द्या. संत पौल रोमकरांस पत्रात (१३:८) प्रीतीखेरीज कोणाच्या ऋणात राहू नका असे सांगतो, तेव्हा तो किराण्याची बाकी त्यातून वगळत नाही.

दुसरे, ज्यांच्या हातात दरमहा पगार आहे आणि ज्यांचे घर कधीकाळी वहीवर चालले होते, त्यांनी सगळी खरेदी नव्हे, पण काही खरेदी गल्लीत ठेवावी, आणि ती रोखीने करावी. तो दानधर्म नव्हे. आपण जो विश्वास घेतला, तो पुढच्या माणसापर्यंत पोचवण्याचा तो मार्ग आहे.

तिसरे, दुकान बंद झालेच, तर त्या वहीचे काम कोणी तरी हाती घेतले पाहिजे. हे शक्य आहे. वसईत मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली सहकारी पतसंस्था उभी केली. तिचीच पुढे बेसिन कॅथलिक सहकारी बँक झाली. आपल्या भागात १९९३ च्या भूकंपानंतर बायकांच्या बचत गटांनी जे करून दाखवले, ते आपल्यासमोर आहे. आपल्यापैकी दहा-बारा घरांना मिळून थोडी रक्कम बाजूला ठेवणे अवघड नाही, जिच्यातून एखाद्याचा महिना निघेल. अट एकच: घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये. जुन्या वहीतले चांगले तेवढे घ्यायचे आणि पायरी मात्र ठेवायची नाही.

आणि आपल्यातल्या ज्यांचे स्वतःचे छोटे दुकान आहे, त्यांनाही एक विनंती. वजन पुरे द्या, आणि कोणाला बाहेर उभे करू नका. विश्वास मागायचा हक्क तिथूनच सुरू होतो.

पुढच्या वेळी एखादे दुकान आवरले जात असल्याचे कळले, तर रिकामी फळ्या पाहून हळहळण्यापूर्वी दुकानदाराला एक प्रश्न विचारा: "शेठ, आमच्या नावावर काही राहिले आहे का?" तो बहुतेक नाही म्हणेल. तरीही त्याला एकदा वही उघडून बघायला सांगा.